दोरीवरचा 'हॅपी'

नीला महाल भागातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, पण तिची स्वतःची मुलगी मिनल शिकायला जायची भैरवी मॅडमच्या ट्यूशनला. घरी आईने पुस्तक उघडलं की तिला झोप यायची. जेवताना मात्र रोज भैरवी मॅडमचंच पुराण.

"आई वं, आज मॅमनी 'हॅपी'चा कागद दोरीवर लटकवला. पुढे 'अन'चा चिमटा लावला तर तो दुःखी झाला, मागे 'नेस'चा लावला तर अख्खं दुःखच झालं! तू काहून नाही शिकवत असं?"

इतकी वर्षं उपसर्ग आणि प्रत्यय फळ्यावर लिहून शिकवणाऱ्या नीलाला ते चांगलंच झोंबलं. एवढं काय सोनं लागलंय त्या बाईला? दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे पर्समध्ये कोंबले आणि आठवीच्या वर्गात तोच खेळ घेतला. मुलं खुशीने बाकांवर चढली.

शनिवारच्या पालकसभेला खुद्द भैरवी येऊन समोर बसली. तिचा मुलगा ऋषी नीलाच्याच वर्गात होता. चोरी पकडली गेली असं वाटून नीलाने चिमट्यांची पर्स मागे सारली, पण चेहरा पडला होता तो भैरवीचा.

"काय जादू केली हो मॅडम माझ्या पोरावर?" ती धुसफुसली. "घरी मी चिमटे काढले की तो उठूनच जाते."

तिने ऋषीची नक्कल केली, "म्हणते, राहू दे वं आई, तुले नाही जमत. चिमटे लावावे तर नीला मॅमनीच!"