जावळ

नाशिकच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती आणि गोजराबाई उंबऱ्यातच फतकल मारून बसली. "नातवाचं जावळ वणीच्या देवीला बोललेलं हाय. तुमच्या औषधानं ते गळू देणार नाय मी. चैत्रात गडावर काढू, मग न्या." ललितच्या रक्तातला कॅन्सर चैत्रापर्यंत थांबणार नव्हता. सुवर्णाने सासूशी हुज्जत घातली नाही. शिवणाची कात्री घेतली, लेकाला देव्हाऱ्यापुढे मांडीवर ओढलं. "अगं, जावळाला मामाची मांडी लागते! देवी कोपंल!" "कोपली तर माझ्यावर कोपंल." चार वर्षं वाढवलेले केस कचाकच कापून तिने सासूच्या पदरात टाकले. "देवीचं देवीला पोचवा. पोरगा माझा हाय." केस पदरात गुंडाळत म्हातारी बाजूला सरकली. रिक्षात बसताना सुवर्णाला ललितच्या मानेवर चिकटलेली एक कापलेली बट दिसली. ती चिमटीत धरून धावत सासूकडे परतली. "हीपण न्या. देवीला म्हणावं, एकही केस मागं ठेवला नाय."