पात्याचं कुंकू

यंत्राच्या मोठ्या रुळावरचं कुंकू पुसायला कोणीच तयार होईना. काल खंडेनवमीला मालकीणबाईंनी ते तेलात कालवलं होतं आणि रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाची बोटं ओढली होती. पूजेचं कुंकू दसऱ्याच्या दिवशी हातानं कोण पुसणार? आणि बाहेर मुआयन्याला, म्हणजे माल तपासायला आलेले हैदराबादचे साहेब मोटारीतून उतरत होते.

नांदेडच्या या गिरणीत तलम, पांढरा कागद निघे. निजाम सरकारच्या मेजवान्यांत पाहुण्यांनी त्याला तोंड पुसायचं, असा बेत होता. धोतराचा सोगा असताना याची गरज काय, हे नांदेडकरांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण मागणी मोठी होती. ओला कागद तापल्या रुळाला चिकटून वाळतो. रुळावर जे असेल ते कागदावर उतरतं. एक डाग दिसला की मागणी दुसऱ्या गिरणीला.

"शेषेराव, काहीतरी कर!" मालक हणमंतराव ओरडले.

शेषेराव पातं सांभाळायचा. पातं म्हणजे रुळाखाली टेकवलेली, रुळाएवढीच लांब पट्टी. रुळावर जे चिकटून राहील ते ती खरवडून काढी. दाब जास्त झाला तर रुळाला ओरखडा, कमी झाला तर घाण तशीच. आठ वर्षं तो ती घासत, तिचा कोन जमवत आला होता. काल रुळाला हार, मोटारीला हार, मालकांच्या छत्रीलासुद्धा हार. शेषेरावनं पात्यासाठी चिमूटभर कुंकू मागितलं, तेव्हा मालक सगळ्यांदेखत म्हणाले होते, "खरवडणीची कोण पूजा करतं रे?" सगळी गिरणी हसली होती.

"हातानं पुसायचं न्हाई ना मालक? मग हात लावूच नका," शेषेराव म्हणाला. "कागद बी चढवू नका. रूळ पाच फेरे नुसता फिरू द्या."

"आणि डाग राहिला तर?"

"तर पात्यासंगं मला बी भंगारात टाका."

त्यानं पात्याचा कोन केसभर बदलला. रूळ फिरला. पातं किरकिरलं, मग गप्प झालं. पाचव्या फेऱ्याला शेषेरावनं मान हलवली आणि कागद चढला.

साहेबांनी पहिलाच ताव उजेडात धरला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "बिलकुल साफ है," म्हणाले, त्याच तावाला तोंड पुसलं आणि मागणीच्या कागदावर सही करून निघून गेले.

हणमंतरावांचा आनंद धोतरात मावेना. "अरे, पूजेचं ताट आणा! पात्याला कुंकू लावा!"

शेषेरावनं यंत्र थांबवलं. पातं सोडवलं, फडक्यात धरलं आणि मालकांपुढं आडवं केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते लालभडक होतं.

"ताट राहू द्या मालक. बाईसायबांनी कालच लावलंय."