हिंगणीतला समुद्र

पाण्यातले क्षार मोजायच्या मीटरवर शून्य आलं आणि सुरभीनं स्वयंपाकघरातूनच सासूला हाक मारली, "आई, आलं! पाहाले या!"

मनकर्णाबाई गुडघे धरत आल्या. भिंतीवरच्या पाण्याच्या फिल्टरचं झाकण उघडं होतं आणि आतल्या नळ्या लोंबत होत्या. प्यायच्या नळीला मध्येच फाटा काढून सुरभीनं तिथं आणखी एक नळकांडं बसवलं होतं. जुन्या तोटीतून घरासाठी पाणी, नव्या फाट्यातून समुद्रासाठी.

"समुद्र खारा राह्यते म्हणते, अन् तू तं पाण्यातलं सगळंच काढून टाकून राह्यली," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आधी आपल्या बोअरवेलच्या पाण्यात जे काही आहे ते सगळं काढायचं, मग त्यात समुद्राचं मीठ घालायचं, असं सुरभीनं समजावलं. मनकर्णाबाईंनी मान डोलावली. सून सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे खरंच असणार.

मनकर्णाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. हिंगणीच्या माणसाचं मोठं पाणी म्हणजे बोर धरण. रामेश्वरला जायचं कितीदा तरी ठरलं. कधी कापूस आडवा आला, कधी कोणाचं लग्न. पण त्यांची बॅग कायम भरलेली. त्यात एक नवंकोरं लुगडं, हळदीकुंकवाच्या डब्या आणि समुद्रावर गेलं की लागेल म्हणून त्यांच्या आईनं देऊन ठेवलेली पैशांची पोटली. यंदा डॉक्टरांनी गुडघे पाहिले आणि प्रवासाचं नावच काढू नका म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मनकर्णाबाई निमूट बॅग रिकामी करायला बसल्या. सुरभीला ते बघवेना.

"राहू द्या भरलेली," ती म्हणाली. "तुमाले नेता नाई येत तं समुद्रच घरी आणू."

आणि आणला की हो तिनं! बैठकीत काचेची भलीमोठी टाकी आली. तळाला पांढरी वाळू, वर निळा दिवा. दगडांवर जिवंत प्रवाळ बसले, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आले, काच चाटणाऱ्या गोगलगाई आल्या. सुरभीचा नवरा सचिन सुरुवातीला कुरकुरला, मग ऑफिसातून आल्यावर चहाही टाकीपुढंच घेऊ लागला.

सुरभीनं घरात एकच कायदा लावला. तांब्याचं भांडं या पाण्याजवळ आणायचं नाही, प्रवाळाला तांबं म्हणजे विष. सासरे लक्ष्मणराव रोज सकाळी तांब्याच्या गुंडातलं पाणी प्यायचे. तो गुंड ओसरीत गेला.

"जन्मभर पेलो, मले काई झालं नाई, अन् या मासोळ्याईले विष!" लक्ष्मणराव पुटपुटले.

मनकर्णाबाई मात्र कायद्याच्या पक्क्या. स्वयंपाकघरातला एकूण एक तांब्या त्यांनी माळ्यावर टाकला. प्रवाळ पहिल्यांदा फुलले त्या दिवशी बॅगेतलं नवं लुगडं नेसून, पोटली कमरेला खोचून त्या टाकीपुढं बसल्या, हळदकुंकू काचेला लावलं, आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "लाटा तेवढ्या लहान हायेत." मग आळीतल्या बाया येऊ लागल्या. मनकर्णाबाई सगळ्यांना ऐटीत समुद्र दाखवायच्या. येत्या रविवारी केळझरहून त्यांची बहीण जिजाबाई यायची होती. तिनंही समुद्र पाहिला नव्हता.

आणि नेमके त्याच आठवड्यात प्रवाळ मिटले.

गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. सुरभीचा जीव थाऱ्यावर राहिना. फिल्टर तपासला, मीटरवर शून्यच. शेवटी टाकीतलं पाणी चाचणीच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि नळीत रंग आला. पाण्यात तांबं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तर टाकीपुढं लक्ष्मणराव उभे, हातात तांब्याचा पेला.

"बाबा, काऊन टाकलं पाण्यात?"

"म्या काई नाई टाकलं. पाहून राह्यलो होतो नुसता."

"मग तांबं आलं कुठून?"

 लक्ष्मणराव गुंड उचलून शेतातल्या खोपटात ठेवून आले आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलेनासे झाले. मनकर्णाबाईंनीही नवऱ्याला फैलावर घेतलं. म्हाताऱ्याला आपलं सुख बघवत नाही, असं त्या दारात आलेल्या बाईलासुद्धा सांगू लागल्या.

सुरभीनं हार मानली नाही. फिल्टरमधून थेंब थेंब पाणी जमवलं, मीठ मिसळलं, टाकीतलं निम्मं पाणी बदललं. तांबं शोषून घेणारी थैली नागपूरहून मागवून टाकीत सोडली. शनिवार गेला. रविवारी सकाळी सचिन ओरडला तशी ती ओल्या हातांनीच धावत आली.

प्रवाळ फुलले होते! सगळेच्या सगळे, हिरवे, जांभळे, बोटं हलवत. सुरभीनं सासूला मिठीच मारली. सचिन जिजाबाईंना आणायला बसस्टँडवर पळाला. सुरभीचा रागही विरघळला. झालं गेलं विसरू, खोपटात पाणी प्यायला गेलेल्या बाबांनाही आज बोलावून आणू, म्हणून ती चप्पल पायात सरकवून शेताकडे निघाली.

घरात मनकर्णाबाई एकट्या उरल्या. त्यांनी टाकीला हात जोडले. समुद्रापुढं रिकाम्या हातानं उभं राहू नये, हे त्यांच्या आईचं सांगणं. पण आपण हात आखडता घेतला, बाया आल्या की एखादा, एखादाच दगडांच्या फटीत वाहिला, म्हणून तर तो रुसला होता. आता सुनेच्या कष्टाला पावला होता, आता कंजूषपणा नको. त्यांनी कमरेची पोटली सोडली आणि आईनं दिलेले, उरले होते तेवढे सगळे तांब्याचे ढब्बू पैसे ओंजळीनं समुद्राला वाहिले.