बाईंनी लावलेल्या जोड्या

टॅक्सीवाल्यानं पुन्हा आपली खुर्ची उचलली आणि इस्त्रीवालीच्या शेजारी नेऊन ठेवली.

"जागेवर," बाई म्हणाल्या.

तो हलला नाही. इस्त्रीवालीनं अंग चोरून घेतलं. तिच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जागेवर म्हटलं ना!"

तो उठला आणि खुर्ची फरफटत खिडकीशी गेला. तिथूनही त्याची नजर तिकडेच.

परक्या मुलखात पोट भरायला आलेल्या मोठ्या माणसांचा तो इंग्रजीचा वर्ग. एकाची भाषा दुसऱ्याला कळायची मारामार. म्हणून वर्गात फक्त इंग्रजी, मोडकंतोडकं का होईना, हा बाईंचा पहिला नियम. दुसरा नियम खुर्च्यांचा. एका भाषेची दोघं शेजारी आली, की गप्पा रंगल्याच आणि इंग्रजी राहिलं बाजूला. तेव्हा कोण कुणाशेजारी बसणार, हे बाई ठरवायच्या. बडबड्याशेजारी मुका, धीटाशेजारी भित्रा. जोडी नीट जमली की दगडही बोलायला लागतो, असं त्या सहकाऱ्यांना अभिमानानं सांगत.

इस्त्रीवाली अशीच दगड होती. लॉन्ड्रीत कामाला होती. ती वर्गात आली त्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी हळूच सांगितलं होतं, "नवऱ्यापासून लपून राहतेय. लेकीला घेऊन पळून आलीय बिचारी. कुणी विचारत आलं, तर आपल्याला काही माहीत नाही."

कुटुंबाचा धडा चालला होता तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "नवऱ्याकडचं माणूस... मी कुणी पाहिलं नाही. बरं झालं." त्यानंतर कितीतरी दिवस तोंडातून शब्द नाही. दाराजवळच्या खुर्चीत, पर्स पोटाशी धरून बसायची.

मग मावशी आल्या. पिकलेले केस, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि इंग्रजीचा श्रीगणेशासुद्धा नाही. बाईंनी त्यांना इस्त्रीवालीशेजारी बसवलं आणि जादूच झाली.

"तू... कुठे... राहतेस?" मावशी पुस्तकावर बोट ठेवून एकेक शब्द चाचपत विचारत.

"मी बेकरीच्या वर राहते."

"तुझी मुलगी... कोणत्या शाळेत... जाते?"

इस्त्रीवालीनं शाळेचं नाव सांगितलं.

"तिला शाळेतून... कोण... आणतं?"

"मी आणते. इथला वर्ग संपला, की जाते." अख्खी वाक्यं, आणि तीही बिनचूक! बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकदा तर मुलीचं लाडाचं नाव सांगताना इस्त्रीवाली चक्क लाजून हसली होती. मावशींचंही कौतुकच. एकदा उच्चार सांगितला की पुन्हा चुकत नसत. या वयात!

घोर होता तो टॅक्सीवाल्याचा. आधी बरा होता. आपल्या जागी बसायचा, जांभया द्यायचा. गेल्या आठवड्यापासून काय बिनसलं कोण जाणे. इस्त्रीवालीला खेटून बसायला बघायचा. वर्ग सुटला की फाटकापाशी उभा.

त्या दिवशी सगळे गेल्यावर तो बाईंच्या टेबलापाशी आला.

"टीचर. प्लीज." पुढचा शब्द सापडेना. त्यानं त्या दोघींच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बोट केलं. मग मूठ कानाला लावली. "फोन. ती... फोन. माझी टॅक्सी."

"तिचा नंबर हवाय तुला? टॅक्सीतून फिरवायचंय तिला?"

"नो! नो, टीचर!" तो घाईघाईनं आपल्याच भाषेत काहीबाही बोलू लागला. बोलता बोलता त्यानं टेबलावर हात आपटला. बाई दचकून मागे सरकल्या.

"इंग्रजीत बोल!"

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "इंग्रजी... नाही... माझ्याजवळ."

बाईंनी तडक ऑफिस गाठलं. त्याचं नाव वर्गातून काढून टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा होता. पहारेकऱ्यानं त्याला हुसकावलं, तरी रस्त्यापलीकडे जाऊन थांबला. शेवटी पोलिसांचं नाव काढल्यावर गेला.

बाई स्वतः इस्त्रीवालीला बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या. "आता तो येणार नाही. घाबरायचं नाही, मी आहे," त्या सावकाश, सोप्या शब्दांत म्हणाल्या. इस्त्रीवालीनं त्यांचा हात घट्ट धरला. शिकवण्याच्या नोकरीत असे दिवस थोडेच येतात.

पुढचे काही दिवस वर्ग कसा सुतासारखा सरळ चालला. मग एका दुपारी मावशी आल्या नाहीत. गुडघे धरले असतील, असं म्हणून बाईंनी त्यांच्या खुर्चीवर आपणच बसकण मारली आणि इस्त्रीवालीची जोडीदार झाल्या. भूतकाळाचा धडा चालू होता. मी गेले, मी आले, मी आणले.

पर्समध्ये इस्त्रीवालीचा फोन थरथरला. तिनं तो काढून बघितला आणि बाईंपुढे धरला. पडद्यावर मुलीच्या शाळेचं नाव होतं. "टीचर, तुम्ही बोला. ते फार भरभर बोलतात."

बाईंनी फोन घेतला.

"शाळेतून बोलतेय. काळजीचं काही नाही हं," पलीकडून शाळेतल्या कारकून बाईंचा हसरा आवाज आला. "मुलीचा कोट इथेच राहिलाय. आजी तिला लवकर घेऊन गेल्या ना, त्या गडबडीत विसरला."

"आजी?"

शेजारी इस्त्रीवाली बाईंच्या ओठांकडे टक लावून बघत होती. फोनवर इंग्रजी कसं बोलतात, ते शिकून घेत होती.

"हो, आजीच. घरचा पत्ता, आईचं काम, मुलीचं लाडाचं नाव, सगळं सांगितलं त्यांनी. आणि इंग्रजी काय अस्खलित बोलतात हो!"