साडेचारचा काटा

काशिनाथने कापडी पिशवीतून गजराचं घड्याळ काढलं आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर हवा काढायच्या पंपाशेजारी ठेवलं. जुन्या पद्धतीचं घड्याळ. डोक्यावर दोन घंटा, मधे छोटा हातोडा.

"काका, हे घरचं?" विद्युलता मॅडमनी विचारलं. त्या मूळच्या नाशिकच्या. मद्रासमधल्या एग्मोरच्या या कॉलेजात त्यांना मराठी बोलायला हा लॅब अटेंडर एवढाच माणूस होता.

"हो. विजेची घंटा जळली ना काल. हे चालेल. हातोडा मुलींना दिसतो."

"बरं झालं. जाताना आठवणीनं न्या परत."

"नको. राहू दे इथल्याच कपाटात."

मॅडमनी घड्याळ उचलून पाहिलं. "काकूंचं ना हे?"

"पहाटे पाण्याची लॉरी यायची, तेव्हा लागायचं. लॉरी बंद झाली. पोंगलनंतर तुमची काकूही गेली. हे रोज साडेचारला वाजतं. तीच दाबून बंद करायची. मी हात लावत नाही, वाजून वाजून आपलं आपण थांबतं. काल वरच्या मजल्यावरचे गुरुमूर्ती खाली आले. म्हणाले, सार, एक तर तुम्ही उठा, नाहीतर याला तरी उठवून बाहेर टाका."

"मग किल्ली देऊ नका."

"झोपताना हात जातोच," काशिनाथ म्हणाला.

मुली आल्या, टेबलाभोवती उभ्या राहिल्या. काशिनाथने घड्याळ पंपाच्या लोखंडी तबकडीवर ठेवलं. गजराचा काटा साडेचारवरून काढून दहावर आणला. तो काटा बायकोने लावलेला होता. त्यानंतर कोणी हलवला नव्हता. घंटा खणखणू लागली. त्याने वरून काचेची हंडी पालथी घातली, कडेला ग्रीस दाबलं आणि पंप सुरू केला.

"आता आतली हवा जाईल," मॅडम म्हणाल्या. "हवा नाही तर आवाजही नाही. ऐका."

मुलींनी कान दिले. आवाज बारीक झाला, पण गेला नाही. टेबलातूनच आल्यासारखा येत राहिला.

"मॅम, येतोय की अजून," श्रीनिधी म्हणाली.

मॅडम वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, स्पंज?"

घड्याळाखाली स्पंज ठेवायचा राहिला होता. तो नसला की हवा काढून उपयोग नाही. आवाज लोखंडातून टेबलात उतरतो. सत्तावीस वर्षं काशिनाथ हा प्रयोग मांडत होता. स्पंज एकदाही राहिला नव्हता.

"अण्णांनाच प्रयोग नापास करायचा होता," मागून एक मुलगी काशिनाथकडे बघत म्हणाली आणि सगळ्या हसल्या. काशिनाथही थोडा हसला.

त्याने हंडी काढली, खाली जाड स्पंज घातला, पुन्हा किल्ली दिली. पुन्हा पंप. या वेळी आवाज पातळ होत होत गेला. हातोडा मात्र दोन घंटांमध्ये तसाच मारत राहिला.

"आवाजाला वाट लागते," मॅडम म्हणाल्या. "प्रकाशाला लागत नाही, म्हणून हातोडा दिसतो आहे."

"आणि उष्णता, मॅम?"

"सूर्यापासून इथपर्यंत मधे काही नाही, तरी येते. मद्रासच्या मुलींना हे मी सांगायचं?"

मुली हसत वहीत लिहू लागल्या. काशिनाथ काचेजवळ वाकला. घरी घड्याळ वाजायचं तेव्हा अंधार असायचा. तो नुसतं ऐकायचा. हातोडा एवढ्या जोरात, एवढा मनापासून मारतो हे त्याने आज पाहिलं. मग हातोडा हळू झाला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि थांबला. खोलीत कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याने झडप उघडली. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत शिरली.

मुली गेल्यावर मॅडमनी कपाट उघडलं. "इथे ठेवू?"

काशिनाथने घड्याळ उचलून छातीशी धरलं होतं.

"मॅडम, तो जुना स्पंज मी नेऊ का? घरी फळीवर, घड्याळाखाली ठेवीन. आवाज भिंतीतून वर जायचा नाही मग."

"न्या की. पण काका, खोलीत हवा आहे. तुम्हाला ऐकू येणारच."

"वर जाऊ नये एवढंच," तो म्हणाला. "माझ्यापर्यंत यायला पाहिजे."

त्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि दहावर आणलेला काटा जपून, बरोबर साडेचारवर नेऊन ठेवला.