मध कोणी खाल्ला

"लेखाचा सारांश तर फुकट दिसतो, आजी. नातवाने फोनवर दाखवला ना? मग एवढ्या लांब कशाला आलात?" ग्रंथपाल म्वेंडेने विचारलं.

"त्यात आम्ही नाही," नासिएकू म्हणाली. "त्यात नुसता साहेब बोलतो."

लेख नासिएकूच्या भाषेवर होता. तरुणपणी ती आणि तिची बहीण डोंगरात एका परदेशी संशोधकासमोर बसून बोलल्या होत्या. नातवंडांना ती भाषा कधी आलीच नाही. बहीण गेली आणि बोलणारी एकटी नासिएकू उरली. तिने बकऱ्यांशी बोलून पाहिलं, पण बकऱ्या कुठे उत्तर देतात! फार एकटं वाटायचं तिला. नातवाच्या फोनवर सारांशानंतर लेख डॉलर मागायचा. पूर्ण लेख उघडायचा तो विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकावरच, म्हणून ती पहाटेच्या मटाटू मिनीबसने नैरोबीला आली होती.

म्वेंडेने पासवर्ड टाकला. लेख उघडला. तक्ते, आणखी तक्ते, तळटिपा. विद्वानांना मुद्द्यावर यायला जन्म लागतो. शेवटी एकदाची उदाहरणादाखल दिलेली वाक्यं सापडली. एकापुढे बहिणीचं नाव होतं.

"वाच," नासिएकू म्हणाली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

म्वेंडेने ते अनोळखी वाक्य अडखळत, ग्रंथालयाला शोभेल अशा हळू आवाजात वाचलं. खाली अर्थ दिला होता: मध कोणी खाल्ला?

नासिएकू खो खो हसली. आसपासच्या माना वळल्या. "अगं, घशातून काढ आवाज! ती काय अशी आजाऱ्यासारखी बोलायची? पुन्हा."

दोनतीनदा वाचल्यावर जमलं. नासिएकूचे डोळे भरून आले. मग तिने त्याच भाषेत उत्तर दिलं, हातवारे करत, चांगलं लांबलचक.

म्वेंडे पडद्यावर शोधत राहिली. "एवढं इथे नाहीये, आजी. इथे तुमचं उत्तर नुसतं 'मुंग्यांनी' असं आहे."

"साहेब समोर होता म्हणून तेवढंच. खरं भांडण तो गेल्यावर झालं."

म्वेंडेलाही हसू फुटलं. "थांबा, छापून देते. घरी न्या सगळा लेख."

नासिएकूने तिचा हात धरला.

"कागद मला विचारणार आहे का? तू विचार, पोरी. जरा रागावून."