ओली चादर

लग्न होऊन भिलाईच्या हुडको कॉलनीत वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून बेबीताई दर उन्हाळ्यात दुपारी दारावर ओली चादर टांगायची. कूलरचं नाव काढलं की नवरा हसायचा. “मी प्लांटात भट्टीसमोर उभा राहतो वो. तुले घरात बसून कायची गरमी?” बत्तीस वर्षं हेच ऐकून तिनं मागणंच सोडलं. यंदा एप्रिलअखेर तो रिटायर झाला. दुसऱ्याच दुपारी स्लॅब तापला, पंखा गरम हवा फेकू लागला, अन् तासाभरातच त्यानं तीच चादर बादलीत बुडवून स्वतः टांगली. “माय वो! कशी राहत होती तू इथं? आजच कूलर आणतो.” बेबीताईला बरं वाटायला हवं होतं, पण अंगाचा तिळपापड झाला. पाणी ठिबकणारी चादर ओढून तिनं बादलीत पिळली अन् म्हणाली, “भट्टी तुमाले आठ घंट्यानं घरी तरी जाऊ देत होती.”